विमान बाहेरूनच बरं

विमान पाहायची सगळ्यांत वाईट जागा म्हणजे विमान. आत बसलेल्या माणसाला दिसतं काय, तर पुढच्या खुर्चीची पाठ, शेजाऱ्याचं कोपर आणि खिडकी मिळालीच तर पंखाचा थोडासा पत्रा. त्या पत्र्याला जोडून विमान नावाची एवढी देखणी वस्तू आहे, याचा त्याला पत्ताच नसतो. आमच्या पिढीतल्या मराठी मध्यमवर्गाला हे सत्य फार लवकर उमगलं. त्यासाठी तपश्चर्या करावी लागली नाही, तिकिटाचा दर विचारला की पुरे होई. म्हणून आम्ही विमानात बसलो नाही, विमानं पाहिली. आणि नुसती पाहिली नाहीत, पाहण्यात पारंगत झालो. माझा भाचा हल्ली पुण्याहून यावं तसा दिल्लीहून मुंबईला येतो. कुठल्या विमानानं आलास विचारलं तर तो कंपनीचं नाव सांगतो. "अरे, विमान कुठलं?" म्हटलं तर म्हणतो, "पांढरं."

या विद्येतले माझे गुरू म्हणजे विलेपार्ल्याचे मामा. मामा पश्चिम रेल्वेत हेडक्लार्क होते. पोट रुळांवर आणि जीव आभाळात, अशी त्यांची अवस्था. रेल्वेचा पास खिशात असूनही हा माणूस सुट्टीत कधी कुठे गेला नाही, कारण सुट्टीच्या दिवशी गच्चीवर बसायचं असे. घर पार्ले पूर्वेला, हायवेच्या अंगाला, तिसऱ्या मजल्यावर. सांताक्रूझच्या मोठ्या धावपट्टीचं पश्चिमेकडचं टोक तिथून हाकेच्या अंतरावर होतं, म्हणजे कोणाची हाक ऐकू आली असती तर. मुंबईत बराच काळ वारा समुद्रावरून येतो आणि विमानाला उडताना-उतरताना वाऱ्याकडे तोंड करावं लागतं. त्यामुळे उतरणारी विमानं घाटकोपर-कुर्ल्यावरून यायची आणि उडणारी पार्ल्यावरून समुद्राकडे जायची. मामांच्या मते देश सोडून जाणारे सगळे पार्लेकरांनी पाहिले आणि परत येणारे घाटकोपरकरांनी. "काम कुणाला जास्त पडलं, तूच ठरव," असं म्हणून ते गच्चीचा जिना चढू लागत.

१९६० साली एअर इंडियानं बोइंग ७०७ आणलं आणि पार्ल्याच्या संभाषणकलेचं स्वरूप पालटलं. पहिल्या ७०७ विमानांना रोल्स रॉइसची कॉनवे इंजिनं होती, एकेका विमानाला चार. ती चारही एकदम ताकद लावत तेव्हा मामांच्या घरातली कपबशी आपापल्या जागेवरून थोडी पुढे सरके. अशा वेळी बोलणारा माणूस वाक्य जिथल्या तिथे थांबवी, तोंड अर्धवट उघडं ठेवी, आणि विमान समुद्रावर गेलं की त्याच अक्षरापासून पुढे सुरू करी. पाहुण्यांना हे जमत नसे. ते ओरडून बोलायचा प्रयत्न करत आणि आवाज थांबला तरी ओरडतच राहत. मावशीच्या कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात "मुलाला पगार किती?" हा प्रश्न विचारला गेला, मुलाच्या वडिलांनी आकडाही सांगितला, पण तो नेमका ७०७च्या खाली सापडला. पुन्हा विचारणं बरं दिसेना. आजोबांनी समाधानानं मान डोलावली आणि लग्न ठरलं. आकडा कळल्यावर आजी महिनाभर एअर इंडियाच्या नावानं बोटं मोडत होती.

या ७०७ना हिमालयातल्या शिखरांची नावं होती. नंदादेवी, गौरीशंकर, अन्नपूर्णा. मामा गच्चीवरून ओरडून नाव सांगत आणि खाली स्वयंपाकघरात मामी हात जोडत. हे देवस्थान नव्हे, विमान आहे, हे मामांनी त्यांना अनेकदा समजावलं. मामींचं म्हणणं, "अन्नपूर्णा ती अन्नपूर्णा. डोक्यावरून जातेय तर नमस्कार करायला काय पैसे पडतात?" विमानाच्या मागे सुटणारा काळा धूर गच्चीत वाळत घातलेल्या धोतरांवर येऊन बसे, तेव्हा मात्र मामी त्या देवस्थानाचा उद्धार करत.

मामांची खरी ख्याती आवाजावरून विमान ओळखण्याबद्दल होती. न्हाणीघरात तोंडाला साबण लावलेला असताना ते आतून "व्हायकाउंट!" असं सांगत. इंडियन एअरलाइन्सकडे १९५७पासून व्हायकाउंट होती. चार पंख्यांची, मोठ्या लंबगोल खिडक्यांची, घरंदाज विमानं. त्यांच्या डार्ट इंजिनांना एक बारीक, तीक्ष्ण शीळ होती, कानात शिरली की दुपारपर्यंत बाहेर न पडणारी. ही शीळ ओळखणं अवघड नव्हतं. अडचण अशी की, १९६१मध्ये आलेल्या फोकर फ्रेंडशिपला तीच डार्ट इंजिनं होती, आणि पुढे कानपूरला बनू लागलेल्या ॲव्हरोलाही तीच. चार शिळा असल्या तर व्हायकाउंट, हे एक वेळ कळतं. पण फोकर आणि ॲव्हरो दोघांनाही इंजिनं दोनच. डोळे मिटून या दोघांतला फरक सांगणारा माणूस एकतर योगी असतो किंवा थापाड्या.

खालच्या मजल्यावर बँकेतले एक गृहस्थ राहत. त्यांचं मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकलेलं होतं. शीळ ऐकू आली की मामा वरून "फोकर!" म्हणत आणि खालून ठसक्यात "ॲव्हरो!" असं उत्तर येई. मग दोघंही आपापल्या मजल्यावरून गच्चीकडे धावत. निकाल सोपा होता. पंख खिडक्यांच्या वर असेल तर फोकर, खाली असेल तर ॲव्हरो. पण मामा वरच्या मजल्यावरचे असल्यामुळे आधी पोचत आणि बँकेतले गृहस्थ जिन्यात असतानाच विमान समुद्रावर गेलेलं असे. निकाल अर्थातच मामांच्या बाजूनं लागे. त्या गृहस्थांनी पुढे सोसायटीच्या सभेत गच्चीच्या किल्लीचा मुद्दा काढला. त्यामागचं खरं कारण सभेत मामांना आणि मलाच ठाऊक होतं.

कॅराव्हेलच्या बाबतीत मात्र मामा हळवे होत. हे फ्रेंच विमान इंडियन एअरलाइन्सनं १९६४मध्ये आणलं. इंजिनं पंखांना न लावता मागे शेपटीपाशी बसवलेली, त्यामुळे पंख स्वच्छ, सडसडीत. खिडक्या चक्क त्रिकोणी, कोपरे गोल केलेल्या. नाक इंग्रजांच्या कॉमेट विमानावरून घेतलेलं. "नाक दुसऱ्याचं, पण चेहऱ्याला काय शोभलंय!" असं मामा म्हणत, तेव्हा मामी स्वतःच्या नाकाला हात लावून पाहत. आज आकाशात बघा. दोन इंजिनं, पंखांखाली. खिडक्या एकसारख्या. नाकं एकाच साच्यातून काढलेली. सगळी विमानं गुणी आहेत, कमी तेल खातात, कमी आवाज करतात, वर्गात पहिली येतात. पण त्यांच्यातलं एकही लक्षात राहत नाही.

कॉमेटचा विषय निघाला की जुहूचा निघणारच. जुहूचं विमानतळ हे या देशातल्या हवाई टपालाचं माहेर. १५ ऑक्टोबर १९३२ला जे.आर.डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन एका चिमुकल्या पस मॉथ विमानातून इथेच उतरले. तेव्हा ते नुसतं मैदान होतं आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाई. त्यामुळे पावसाळा आला की विमानं मुक्कामाला पुण्याला, येरवड्याकडे जात. एकदा टपालाचंसुद्धा पुण्यावाचून अडलं होतं, ही गोष्ट पुण्याचे आमचे काका आजही मुंबईकरांना विषय कुठलाही असला तरी ऐकवतात.

पुढे मोठी विमानं सांताक्रूझला गेली. पण जुहू आणि सांताक्रूझ आकाशातून इतके जवळ दिसतात की भल्याभल्यांची फसगत झाली. १५ जुलै १९५३ला ब्रिटिशांच्या बीओएसीचं कॉमेट, म्हणजे त्या वेळचं जगातलं सर्वांत आधुनिक प्रवासी जेट, सांताक्रूझ समजून थेट जुहूच्या आखूड पट्टीवर उतरलं. उतरलं ते ठीक, पण तिथून परत उडवायला नऊ दिवस लागले. मामा तेव्हा नुकते नोकरीला लागलेले. रोज ऑफिस सुटलं की ते आणि अर्धं पार्लं जुहूला कॉमेट पाहायला जात. एरवी आभाळात क्षणभर दिसणारी वस्तू नऊ दिवस कुंपणापलीकडे स्वस्थ बसून आहे, हे सुख त्यांना आयुष्यात पुन्हा मिळालं नाही. तसं १९७२च्या सप्टेंबरात जपान एअरलाइन्सचं डीसी-८ पुन्हा तसंच जुहूला उतरलं. पण ते पट्टी ओलांडून पुढे गेलं आणि कायमचं मोडलं. कोणी दगावलं नाही, हे नशीब. सगळ्या पार्ल्यानं वैमानिकावर ताशेरे ओढले. मामा मात्र त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचा युक्तिवाद रेल्वेचा होता. अंधेरीला उतरायचं असताना फास्ट गाडीच्या गर्दीत बोरिवलीला उतरणारी माणसं ते रोज बघत होते. "तिथे तर फलाटावर पाटी असते," ते म्हणत.

सांताक्रूझला तेव्हा प्रेक्षकांसाठी गॅलरी होती. तिकीट काढून आत जायचं आणि कठड्याला रेलून विमानं पाहायची. रविवारी तिथे बटाटेवडे बांधून कुटुंबं येत. पण गॅलरीचे खरे मानकरी म्हणजे पोचवायला आलेली मंडळी. १९६०च्या दशकात घरातला मुलगा एम. एस. करायला अमेरिकेला निघाला की खिशात सरकारनं मंजूर केलेले आठ डॉलर आणि गळ्यात अठरा हार असत. जाणारा एक, पोचवणारे चाळीस. आई कुंकू लावायची, आत्या नारळ द्यायची, कोणीतरी कानात "गाईचं मांस तेवढं जपून" असं सांगायचं, छायाचित्रकार सगळ्यांना एका फोटोत बसवायचा आणि त्यात उत्सवमूर्ती हारांमुळे दिसायची नाही. तोच फोटो दोन दिवसांनी वर्तमानपत्रात 'परदेशगमन' या मथळ्याखाली यायचा. वाचकाला हार ओळखू येत, मुलगा नाही.

या समारंभांना मामांना खास निमंत्रण असे, कारण मंडळींना हात नक्की कोणत्या विमानाकडे पाहून हलवायचा हे कळत नसे. अंधारात एखादं विमान दिवे लुकलुकवत सरकू लागलं की चाळीस हात हलू लागत, आई डोळ्यांना पदर लावी. मग मामांचा आवाज येई, "थांबा, थांबा! ते कॅराव्हेल आहे. दिल्लीला चाललंय." हात खाली येत. आई पदर सोडी. खरं ७०७ सरकू लागलं की मामा हात वर करून इशारा देत आणि निरोप पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. यातली मौज अशी की, मुलगा बऱ्याच वेळा विमानाच्या पलीकडच्या बाजूला बसलेला असे. इकडे अख्खं घराणं प्रत्येक खिडकीला हात करत होतं आणि तो तिकडे कालिन्याच्या अंधाराकडे पाहत रडत होता, हे पुढे पत्रातून कळे.

पत्रावरून आठवलं. नागपूरचे काका टपाल खात्यात, आर.एम.एस.मध्ये होते. विमानांच्या बाबतीत मामांसमोर मान ताठ ठेवणारा आमच्या नात्यातला तो एकमेव माणूस, कारण त्यांच्याकडे रात्रीचं टपाल होतं. १९४९पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघे आणि चारही मध्यरात्रीनंतर नागपूरला सोनेगावच्या विमानतळावर जमत. तिथे टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेच्या आत चारही आपापल्या घरी परत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्यात वाचलं जाई. बसल्या जागी नागपूर देशाच्या मध्यभागी असल्याचा फायदा एवढाच, आणि तोही मध्यरात्री. पण काकांना तो पुरेसा होता. "रात्री दीड वाजता देशाची राजधानी नागपूर होती," असं ते सांगत. मामा यावर काही बोलत नसत. पार्ल्यात कधी चार विमानं एकमेकांना भेटायला जमली नव्हती.

सुरुवातीच्या काळात हे टपाल डाकोटांनी वाहिलं. डाकोटाला पुढे दोन मोठी चाकं आणि शेपटीखाली एक लहानसं, त्यामुळे जमिनीवर उभं असताना ते नाक वर करून बसलेलं असे. आत शिरलं की खुर्चीपर्यंत चक्क चढण. काका पिशव्या घेऊन आत चढत तेव्हा त्यांना दिसे की प्रवाशांमधले साहेब लोक पुढच्या जागेसाठी आग्रह धरायचे आणि मग धापा टाकत चढ चढायचे. विमान आडवं झाल्यावर सगळे एका पातळीवर. काकांना या दृश्यात गांधीजींचं काहीतरी दिसत असे. डाकोटाचं पहिलं उड्डाण १७ डिसेंबर १९३५चं. इतकी विमानं आली आणि गेली, हे मात्र मरायला तयार नाही. २०१८मध्ये आपल्या हवाई दलात एक जुनं डाकोटा दुरुस्त होऊन पुन्हा दाखल झालं आणि त्याचं नाव ठेवलं 'परशुराम'. सात चिरंजीवांची यादी पाठ असलेल्या कुणीतरी ठेवलेलं नाव असणार. चिपळूणच्या आमच्या आत्येभावाला यात कोकणाचा सन्मान दिसला.

आता माझ्या स्वतःच्या पहिल्या उड्डाणाचं सांगायला हवं. कंपनीच्या कामासाठी औरंगाबादला जायचं होतं, साहेब आजारी पडले, आणि त्यांच्या जागी मला ॲव्हरोत बसवलं. घरून आईनं लिंबाच्या फोडी दिल्या. आत गेल्यावर हवाई सुंदरी एक तबक घेऊन आली. त्यात गोळ्या, बडीशेप आणि कापसाचे बोळे होते. मी तिन्ही घेतली. शेजारी अजिंठ्याला निघालेले जर्मन आजोबा होते. त्यांनी कापसाचा बोळा हातात धरून मी काय करतो ते पाहिलं, मी कानात घातला, मग त्यांनीही घातला. त्यानंतर औरंगाबादपर्यंत आम्हा दोघांत अतिशय सौहार्दाचं संभाषण झालं, त्यातलं एक अक्षरही कोणाला ऐकू आलं नाही.

खिडकीची जागा होती, पण बरोबर पंखावर. बालपणापासून ज्याच्या जोरावर ॲव्हरो ओळखत आलो, तो पंख खिडकीच्या खाली पसरलेला आणि त्याच्या खाली सगळी मुंबई झाकलेली. मामांचं घर त्या पंखाखाली कुठेतरी होतं. फोकर असतं तर दिसलं असतं. परत आल्यावर मामांनी विचारलं, "चाकं आत जाताना पाहिलीस? पुढच्या बाजूला दुमडून इंजिनाखालच्या कप्प्यात जातात. झकास दिसतं."

"नाही हो मामा. पंख आड आला."

"मी पाहिली," मामा म्हणाले. "नऊ वाजून चार मिनिटांनी. डावं चाक किंचित मागे राहिलं होतं." माझ्या विमानप्रवासाचं वर्णन पुढे सगळ्या नातेवाइकांना मामाच करून सांगत. मी शेजारी बसून ऐकत असे. चांगलं सांगत.

मग जंबो आलं. एप्रिल १९७१मध्ये एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७, 'एम्परर अशोक', मुंबईत उतरलं तेव्हा हवाई दलाची मिग विमानं त्याला घ्यायला गेली होती. खिडक्यांभोवती राजस्थानी झरोक्यांची लाल कमान रंगवलेली, शेपटीचं टोक जमिनीपासून त्रेसष्ट फुटांवर. मामांनी गच्चीची उंची दोरी सोडून मोजली आणि ते दोन दिवस गप्प होते. त्यांच्या गच्चीपेक्षा उंच विमान, हा हुद्द्याचा प्रश्न होता. या विमानांना शिखरं पुरली नसती म्हणून सम्राटांची नावं दिली. अशोक, शहाजहान, राजेंद्र चोळ, विक्रमादित्य. डोक्यावरच्या फुगवट्यात जायला गोल जिना आणि वर पहिल्या वर्गाची बैठक. तो फुगवटा शोभेसाठी नव्हता. विमान बांधणाऱ्यांची अटकळ अशी होती की थोड्याच वर्षांत सगळे प्रवासी आवाजापेक्षा वेगानं उडणाऱ्या विमानांकडे जातील आणि जंबोला माल वाहावा लागेल. नाक उघडून मोठाल्या पेट्या सरळ आत ढकलता याव्यात म्हणून वैमानिकांनाच वरच्या मजल्यावर पाठवलं. म्हणजे जगातलं सर्वांत राजेशाही विमान जन्मतःच ट्रकच्या तयारीनं आलं होतं. घडलं उलटंच. आवाजापेक्षा वेगानं जाणारी विमानं संग्रहालयांत गेली आणि ट्रकनं पन्नास वर्षं लोक वाहिले.

त्या लोकांत आमची आत्या होती. न्यू जर्सीला मुलाकडे बाळंतपणाला निघाली. सामानात गोडा मसाला, डिंकाचे लाडू, आणि सुनेसाठी काढ्याची पुडकी. जाताना विक्रमादित्य होता, येताना शहाजहान. ही नावं मामांनी विमानाच्या नाकावर वाचून टिपून ठेवली होती. आत्याला त्यांचा पत्ता नव्हता. विक्रमादित्याच्या पाठीवर बसून वाटेत बोलत राहण्याचा रिवाज जुना आहे. आत्यानंही लंडनपर्यंत आजूबाजूच्या चार रांगांना आपल्या गुडघ्यांचा इतिहास सांगितला आणि विक्रमादित्य मुकाट्यानं उडत राहिला. परत आल्यावर मामांनी उत्सुकतेनं विचारलं, "मग, कसं होतं जंबो?" आत्याची जागा दहाच्या ओळीत मध्यभागी होती. ती म्हणाली, "कुठलं जंबो? आम्ही रात्रभर एका हॉलमध्ये बसून होतो. दोनदा जेवण दिलं. मग म्हणाले अमेरिका आली."

पहिला अशोक १ जानेवारी १९७८च्या रात्री उड्डाणानंतर लगेच वांद्र्यासमोर समुद्रात कोसळला. २१३ माणसं होती. मामांनी तो जाताना पाहिला होता. पुढचा महिनाभर ते गच्चीवर गेले नाहीत, आणि खालचे बँकेतले गृहस्थ रोज संध्याकाळी वर येऊन त्यांच्याजवळ बसत. फोकर-ॲव्हरोचा विषय दोघांनीही काढला नाही.

एअर इंडियाच्या उरलेल्या जंबोंपैकी एक, 'आग्रा' नावाचं, २२ एप्रिल २०२४ला मुंबईहून शेवटचं उडालं. अमेरिकेत नेऊन त्याचे भाग सुटे करायचे होते. उडाल्यावर वैमानिकानं पंख डावी-उजवीकडे हलवून निरोप घेतला. मी तो भाच्याच्या मोबाइलवर पाहिला. तीन पिढ्या आम्ही विमानांकडे बघून हात हलवले. एखाद्या विमानानं उलट हात हलवल्याचं माझ्या पाहण्यात प्रथमच आलं, तेही नोकरी सोडताना.

मामा तेव्हा नव्हते. पण त्याआधी, मुंबई विमानतळाचं नवं टी-टू टर्मिनल सुरू झाल्यावर, पंच्याऐंशीच्या घरात असताना ते आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसले. मुलीकडे बंगळुरूला जायचं होतं, सोबत मी. टी-टूमध्ये त्यांनी मोरपिसांसारखे खांब पाहिले, भिंतभर मांडलेल्या मूर्ती आणि चित्रं पाहिली, एका चहाची किंमत पाहिली. मग आम्ही एका गालिचा घातलेल्या बोळातून चालत गेलो आणि एका खुर्चीत बसलो. मामा बराच वेळ इकडेतिकडे बघत होते.

"विमान कुठाय?" त्यांनी विचारलं.

"मामा, यातच तर बसलोय आपण."

त्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी हवाई सुंदरीला बोलावलं आणि अदबीनं विचारलं, "बाळ, हे कुठलं?"

"बंगळुरू, सर."

"गाव नव्हे गं. विमान."

तिनं खुर्चीच्या खिशातलं माहितीपत्रक काढून वाचून सांगितलं. मामांनी तिचे आभार मानले, पण चेहऱ्यावर समाधान नव्हतं. बंगळुरूलाही बोळातूनच बाहेर पडलो. मुलीनं विचारलं, "कसा झाला विमानप्रवास?" तर म्हणाले, "प्रवास झाला. विमानाचं माहीत नाही."

परतीच्या वेळी मुंबईत विमान लांब उभं केलं आणि शिडीवरून उतरवून आम्हाला बसमध्ये भरलं. बस भरली, दार लागणार, तर मामा नाहीत. खाली उतरून पाहतो तर ते पंखाखाली उभे होते. एक सुरक्षारक्षक त्यांना बसकडे वळवायचा प्रयत्न करत होता आणि मामा त्याच्या खांद्यावरून एका तरुण इंजिनिअरची तोंडी परीक्षा घेत होते. बसमधल्या पन्नास जणांना घरी जायची घाई होती, इंजिनिअरला मात्र नव्हती. त्यानं इंजिनाविषयी बरीच उत्तरं दिली आणि मामा खूश दिसत होते.

"आता शेवटचा," मामा म्हणाले. "दोन इंजिनं, दोन पंखे, आणि पंख खिडकीच्या वर. कुठलं?"

"एटीआर," मुलगा झटकन म्हणाला.

मामांनी माझ्याकडे वळून पाहिलं. "हुशार आहे रे," ते म्हणाले, "पण याला फोकर कोणी दाखवलंच नाही. चल, बस सुटेल."